ती नव्हे, ता

रॉविनाची स्कूटर वाळवंटात शिरली, तेव्हा ते वाळवंट आहे हे तिला माहीत नव्हतं.

तिच्या लेखी तो रेडीचा किनाऱ्याकडचा रस्ता होता. शिरोड्याचा बाजार करून ती नेहमी याच रस्त्याने घरी यायची. मे महिना, शाळेला सुट्टी, डोक्यावर ऊन, पायाशी भाजीची पिशवी. सुरूच्या झाडांपाशी वळण घेतलं आणि समोर एक उंट आडवा उभा.

तिने हॉर्न वाजवला. उंट हलला नाही. पुन्हा वाजवला. उंटाने मान लांब केली, पिशवीतली कोथिंबिरीची जुडी ओढून काढली आणि सावकाश चावायला लागला.

“मेल्या, तुज्या बापाशीन पेरल्यान ती?” रॉविना म्हणाली.

आणि मग ती थांबलीच नाही. उंटाला बोलली, उंट आणणाऱ्याला बोलली, रस्ता अडवणाऱ्याला आणि तो अडवू देणाऱ्यांनाही बोलली. सगळं मालवणीत. श्वास घ्यायला थांबली, तेव्हा कुठून तरी आवाज आला, “कट.”

प्लायवूडच्या एका भिंतीमागून एक सडपातळ माणूस धावत आला. चष्म्यावर लाल धूळ बसली होती. त्याला समोरचं किती दिसत होतं, देव जाणे.

“मॅडम, शूट चालू आहे.”

“माझी स्कूटर पण चालू आहे.”

“तुम्ही फ्रेममध्ये आलात. हे वाळवंट आहे. इथे स्कूटर नसते.”

“हे रेडी आहे. इथे उंट नसतो.”

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग तिच्याकडे पाहिलं, आणि पुढे काय बोलायचं ते बहुतेक विसरला.

रॉविनाने आजूबाजूला नजर टाकली. वाळूवर प्लायवूडचं एक गाव उभं केलं होतं. घुमट, कमानी, एक खोटी विहीर. मागे खाणीच्या लाल मातीचे ढीग. डाव्या हाताला समुद्र होता, पण कॅमेरा त्याच्याकडे पाठ करून लावला होता. एवढा समुद्र समोर असताना त्याला पाठ करणारी माणसं तिला तिथल्या तिथे नावडती झाली.

दिग्दर्शक मितेश कानाला हेडफोन लावून बसला होता. “या बाई आत्ता जे बोलल्या, ते परत लावा रे,” तो म्हणाला. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि उठून उभा राहिला. “केयूर, हीच. आपल्या गावाची भाषा हीच.”

सिनेमा विनोदी होता, मितेशने तिला गोष्ट सांगितली. गोव्याला निघालेली एक बस वाट चुकते आणि नकाशावर नसलेल्या वाळवंटातल्या एका गावात येऊन पडते. त्या गावाला बाहेर जायला दार एकच, आणि ज्याच्या मनात राग आहे त्याला ते दार दिसत नाही. प्रवासी एकमेकांवर चिडलेले, म्हणून अडकलेले. गावकरी कुठली भाषा बोलतात, तेवढंच ठरत नव्हतं. आता ठरलं.

“तुम्ही आमच्या नटांना शिकवाल?” चष्मेवाल्याने विचारलं. तोच केयूर. पुण्याचा. सिनेमाचे संवाद त्याने लिहिले होते.

“कित्याक? लोकांनी हसायला?” रॉविना शाळेत मराठी शिकवायची. आपल्या भाषेला सिनेमात कुठली कामं मिळतात ते तिने पाहिलं होतं. एक तर गडी, नाहीतर दारुडा. “मालवणी बोलला की माणूस येडो, असंच ना?”

“हसतील ते प्रवाशांना,” केयूर म्हणाला. “गावाला नाही. शब्द देतो.”

“शब्द मोडलास तर?”

“तर मला माझाच राग येईल, आणि दार दिसणार नाही.”

“आणि मला? मला तर ते आत्ताच दिसत नाहीये.”

तो हसला. ती नाही. पण दुसऱ्या दिवशी आली.

सेटवर सावली नव्हती, म्हणून शिकवणी रॉविनाच्या घरच्या पडवीत व्हायला लागली. नट सकाळी येऊन जायचे. केयूर संध्याकाळी एकटाच यायचा, उद्याचे संवाद तपासून घ्यायला. तपासायला फार वेळ लागत नसे. तरी तो बसायचा.

“म्हण, खंय. म्हणजे कुठे.”

“खंय.”

“हा पुण्याचा खंय झाला. नाकातून काढ.”

“नाक एकच आहे, तेही पुण्याचंच.”

“मग माझं घे.”

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. केयूर तिच्या नाकाकडे बघत होता, अगदी मनापासून, शिकायला आलेल्या मुलासारखा. मग त्याने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

एकदा त्याने विचारलं, “‘ता चेडू इला’ म्हणजे ती मुलगी आली, बरोबर? मग ‘ती’ का नाही? मुलीला वस्तूसारखं का बोलता?”

रॉविना चिडली. “वस्तूसारखं नाही. वासरू, मांजराचं पिल्लू, घरातलं चेडू. ज्याला हातावर घेऊन वाढवायचं, ते सगळं ‘ता’. मोठी झाली, लग्न झालं, की ‘ती’.”

“म्हणजे बायको असेल तर ‘ती’.”

“बायको म्हणजे मोठी बाई. ‘ती’.”

“आणि तुझ्याबद्दल बोलायचं झालं तर? ता... की ती?”

“माझ्याबद्दल बोलायचं कोणाशी आहे तुला?”

“नाही – म्हणजे व्याकरण म्हणून.”

“व्याकरण म्हणून मी बाई. शाळेतली. उठ आता.”

तो उठला, पण फाटकापर्यंत जाताना दोनदा मागे बघितलं. दोन्ही वेळा ती तिथेच उभी होती, आणि याचाही तिला राग आला.

रॉविनाचे वडील साल्वादोर आयुष्यभर धक्क्यावर खनिजाच्या बार्ज भरत होते. आता घरामागची माडांची बाग बघायचे. माणूस कमी बोलायचा. केयूर आला की मान हलवायचे, गेला की मान हलवायचे. पण एका संध्याकाळी केयूर लवकर आला, रॉविना आत भात लावत होती, आणि बागेतून मोठ्याने बोलणं ऐकू आलं.

साल्वादोर पंपापाशी उकिडवे बसले होते. समोर कोणी नव्हतं.

“पंप परत बंद पडलो, सेवरीना. तुका सांगललंय, नवो घेवया. तू म्हणालंस, व्हयो कित्याक, चलता मा. आता बघ. छातीत दुखता ता तरी सांगलंस काय? डॉक्टराकडे चल म्हटलंय तर इगर्जीचा फेस्त झाल्यावर जावया. माका एकट्याक टाकून गेलंस. आता मी कोणावांगडा भांडू? सांग मगे. गप कित्याक?”

ते उत्तराची वाट पाहत असल्यासारखे थांबले. मग पाना उचलला आणि पंपाला एक टोला दिला.

रॉविना बाहेर आली, तेव्हा केयूर पडवीच्या खांबाला धरून उभा होता.

“मम्मी,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली जाऊन.”

“ते रोज बोलतात?”

“बोलत नाहीत. भांडतात. ती असताना पंप लावायच्या वेळेला दोघं भांडायची, तेच पुढे चालू आहे.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “वाडीतले सगळे बघतात आणि मान वळवतात. विचारलं नाही कोणी. तू विचारलंस म्हणून सांगितलं.”

तिच्या केसात खोबरं किसताना उडालेला एक पांढरा कीस अडकला होता. केयूरने हात पुढे केला, तो काढला... आणि मग त्याचं काय करायचं ते न कळून तसाच बोटांत धरून उभा राहिला. ती त्या रात्री जेवताना वडिलांशी फार गोड बोलली. साल्वादोरनी दोनदा तिच्याकडे संशयाने पाहिलं.

शूट संपत आलं होतं. एका दुपारी मितेशने सगळ्यांना तंबूत बोलावलं. उद्याच्या सीनची तालीम होती. नवा सीन, गावातल्या एका वेड्या म्हाताऱ्याचा. रॉविनाला उच्चार तपासायला पुढे बसवलं. म्हाताऱ्याचं काम करणारा नट वयस्कर होता, विनोदी कामांत मुरलेला. त्याने डोक्याला फडकं गुंडाळलं आणि प्रवाशांना सांगायला लागला, की माझी बायको रुक्मिणी, ती मेली, पण ती माझ्याशी बोलते. मग वळून रिकाम्या जागेला म्हणाला, “रहाट परत बंद पडलो, रुक्मिणी. तुका सांगललंय, नवो करूया. आता मी कोणावांगडा भांडू? सांग मगे. गप कित्याक?”

आणि तंबूबाहेरून उंट ओरडला. उंटवाल्याला तसं सांगून ठेवलं होतं.

तंबूभर हसू फुटलं. काय वेळेवर ओरडला तो उंट. रॉविनाही हसली. खळखळून हसली, आणि हसता हसता तिला ते शब्द कळले.

ती उठून बाहेर गेली. केयूर मागे आला. प्लायवूडच्या विहिरीमागे ती उभी होती. ओठ पांढरे पडले होते.

“तू लिहिलंस?”

“हो.”

“मी हसलंय. कळता तुका? माझ्या बापाला मी हसलंय.”

“उंट माझा नाही, रॉविना. उंट मितेशने घातला.”

“आणि माणूस? तो कोणाचा?”

केयूरने चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“बोल ना. मोठा संवाद लिहिणारा तू.”

“त्या दिवशी मला रडू आलं होतं,” तो म्हणाला. “डोक्यातून जाईना. म्हणून लिहिलं. मला वाटलं, लोक आधी हसतील आणि मग... मग हसायचे थांबतील.”

“विचारलंस आम्हाला?”

“नाही.”

“कित्याक?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे जास्त वाईट होतं. ती त्याच्या अगदी जवळ आली. आवाज खाली आणला. तो खालचा आवाज वरच्यापेक्षा वाईट होता.

“उद्या अख्खा गाव शूट बघायला येणार. पपा पंपाशी बसून बोलतात हे सगळ्यांना माहीत आहे. उद्यापासून ते बागेत गेले, की कुंपणाबाहेरून पोरं उंटाचा आवाज काढणार. मग ते बोलायचे बंद होतील. दिवसभरात तेवढंच बोलतात रे ते. तेही बंद झालं, तर त्यांच्याकडे काय राहिलं? सांग. ते पण लिहून दे.”

“मी काढायला लावतो तो सीन.”

“लाव.”

तो गेला. मितेशने ऐकून घेतलं आणि हसला. “अरे, सगळं युनिट हसलं. त्या बाई पण हसल्या, मी बघितलं. अख्ख्या सिनेमात याच्या तोडीचा सीन नाही. तू घाबरतोस कशाला?”

संध्याकाळी रॉविना दुकानातून परत आली, तर केयूर तिच्या फाटकातून बाहेर पडत होता.

“मितेश ऐकत नाही,” तो म्हणाला. “म्हणून मी त्यांना सांगितलं. तुझ्या पपांना. सगळं. उद्या कोणाकडून तरी कळण्यापेक्षा...”

“त्यांना सांगितलंस?”

“माझ्याकडूनच कळायला हवं होतं.”

“काय म्हणाले?”

“काहीच नाही. मान हलवली.”

कुंपणापाशी सोललेल्या नारळांच्या सोडणांचा ढीग होता. रॉविनाने एक सोडण उचललं आणि त्याला फेकून मारलं. ते त्याच्या खांद्याला लागलं. त्याने चुकवायचा प्रयत्न केला नाही, म्हणून तिने दुसरंही मारलं.

“परत ह्या घराची पायरी चढू नकोस.”

त्या संध्याकाळी साल्वादोर बागेत गेले. पंप लावायचा प्रयत्न केला, लागला नाही. ते बराच वेळ तिथे बसले. रॉविना स्वयंपाकघराच्या खिडकीशी कान देऊन उभी होती. एक शब्द ऐकू आला नाही. ते परत आले, हात धुतले, जेवले, भांडं उचलून मोरीत ठेवलं. घरात इतकी शांतता होती, की तिला किंचाळावंसं वाटलं. तिने केयूरला मनात येतील तेवढ्या शिव्या दिल्या. त्या संपल्यावर तिला कळलं, की आपण रडतोय, आणि ते फक्त वडिलांसाठी नाही.

सकाळी साल्वादोरनी रविवारी चर्चला, इगर्जीत जायचा पांढरा सदरा घातला, छत्री घेतली आणि निघाले.

“पपा, खंय चललात?”

“वाळवंटात,” ते म्हणाले.

ती मागोमाग गेली.

सेटभोवती दोरी लावली होती आणि दोरीबाहेर गाव जमला होता. नट विहिरीशी बसला. प्रवासी झालेले नट घोळका करून उभे राहिले. मितेशने खूण केली.

“माझी रुक्मिणी,” नट म्हणाला, “ती मेली. पण ती माकाच विचारता सगळा. ती म्हणता...”

उंट ओरडला. गाव हसला. साल्वादोर दोरी उचलून आत आले आणि छत्री उघडीच ठेवून थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहिले.

“कट,” मितेश म्हणाला. “काका, बाजूला व्हा.”

साल्वादोरनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते नटाशी बोलत होते.

“तू कोणाबद्दल बोलतंस?”

“बायकोबद्दल,” नट म्हणाला.

“मगे ‘ती’ कोण?”

“बायकोच. माझी बायको. ती.”

“‘ती’ म्हणजे शेजारीण. ‘ती’ म्हणजे पोस्टात बसता ती बाय.” साल्वादोरचा आवाज चढला. रॉविनाने तो इतका मोठा बागेबाहेर कधी ऐकला नव्हता. “माजा सेवरीना ‘ता’. फेस्ताक इल्ला, सोळा वर्षांचा होता. चपल हरवली ती मीच लपवलंय म्हणान सगळ्यांसमोर माज्यावर वराडला. तेव्हापासून ता. लगीन झाला, ता. दोन बाळंतपणा झाली, ता. केस पिकले, ता. मेला तरी...”

ते थांबले. त्यांनी छत्री मिटली.

“मेला तरी ता.”

कोणी हसलं नाही. रॉविना दोरीशी उभी होती. ‘बायको म्हणजे मोठी बाई’ हा नियम तिनेच केयूरला शिकवला होता. घरात मम्मीबद्दल बोलताना पपा काय म्हणतात, ते जन्मापासून कानावर पडत होतं, आणि म्हणूनच ते तिला कधी ऐकू आलं नव्हतं.

“आणि असो गोड कसो बोलतंस रे तू?” साल्वादोर नटाला म्हणाले. “तुका सोडून गेला ना ता? न सांगता गेला? मगे राग खंय आसा तुजो? मी रागात आसंय. दोन वर्सां रागात आसंय. माका कोण वेडो म्हणूक नाय, आणि तू वेडो कसो?”

नटाने डोक्याचं फडकं काढलं. “मला नव्हतं माहीत, बाबा,” तो म्हणाला.

मितेश पुढे आला. त्याचे डोळे चमकत होते. “काका, तुम्ही करा. प्लीज. आत्ता बोललात ना, अगदी तसंच. फक्त एकदा.”

साल्वादोरनी उंटाकडे पाहिलं. उंट रवंथ करत होता.

“माका ता ऐकूक येता,” ते म्हणाले. “तुमका उंट ऐकूक येता. जमाचा नाय.”

ते दोरीबाहेर गेले. गावाने त्यांना वाट करून दिली.

“उंट काढू,” मितेश म्हणाला. “गंभीर करू. पण सीन घ्यायचाच. केयूर, ‘ती’चं ‘ता’ कर, पटकन.”

“नाही,” केयूर म्हणाला.

“म्हणजे?”

“सीन माझा नाहीच. मी तो त्यांच्या आवारातून न विचारता उचलला. तो नाही घ्यायचा.”

“मी घेतला तर?”

“तर माझं नाव काढ सिनेमावरून. आणि उरलेलं दुसऱ्याकडून लिहून घे.”

म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नटाने फडकं घडी करून खुर्चीवर ठेवलं. “मी पण नाही करत,” तो कोणाकडे न बघता म्हणाला.

“ठीक आहे,” मितेश म्हणाला. “नको तर नको. आपण दुपारी विजयदुर्गाला निघतोय, पुढच्या शूटला. तू राहा इथेच.”

रॉविनाने हे सगळं ऐकलं. तरी ती केयूरजवळ गेली नाही. एक चांगली गोष्ट केली, की समोरच्याचा राग जातो असं ज्यांना वाटतं, त्यांना कधी नीट राग आलेलाच नसतो. ती घरी गेली, कपडे धुतले, मग धुतलेलेच परत धुतले. दुपारी रस्त्यावरून युनिटच्या गाड्या गेल्या. शेवटी उंटांचा ट्रक गेला. तिने मोजायचं नाही ठरवलं होतं, पण कुठल्याही गाडीत चष्मा दिसला नाही.

ऊन उतरल्यावर ती काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या त्या भरायला अंगणात आली. बागेतून आवाज येत होता. पपांचा आवाज, मोठ्याने.

ती धावत गेली.

पंपाशी केयूर गुडघ्यांवर बसला होता. कोपरापर्यंत तेल, चष्मा नाकाच्या टोकावर. साल्वादोर वर उभे राहून त्याला बोलत होते.

“असो नाय. उलटो फिरव. पुण्याक पाने नसतत काय?” मग मान वळवून, माडाकडे बघून, “बघ हेका, सेवरीना. बोल्ट पिळूक येणा नाय. आणि तुज्या चेडवाक सगळ्या दुनयेत ह्योच गावलो.”

“पपा, काय बोलतास?”

“मी तुज्या आवशीवांगडा बोलतंय,” साल्वादोर म्हणाले. “तू मदी पडा नको.”

रॉविना तिथेच उभी राहिली. कालपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. जाताना ते राग घेऊन गेलं नाही. राग होता तिथेच होता.

“तुला पायरी चढू नको म्हटलं होतं,” ती केयूरला म्हणाली.

“चढलो नाही. मागून आलो, बागेतून.”

साल्वादोरनी त्याच्या हातातून पाना घेतला आणि मान हलवली, म्हणजे दोघांनी तिथून जावं. दोघं पडवीच्या पायऱ्यांपर्यंत आली. ती वरच्या पायरीवर बसली. तो खाली, जमिनीवर उभा राहिला.

“गेला नाहीस?”

“गाडी गेली.”

“एसटी असते.”

“दुपारची चुकवली.”

“संध्याकाळची?”

“ती अजून आहे. तू सांगितलंस तर जातो.”

तिने सांगितलं नाही. वाऱ्याने माडाची झापं सळसळली. त्याच्या गालावर तेलाचा पट्टा होता, आणि तो पुसायची तिच्या हाताला झालेली इच्छा तिने पदराखाली दाबली.

“मी तुला माफ केलेलं नाही,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“करीन असंही नाही.”

“बरं.”

“बरं काय, बरं? मग थांबलास कशाला?”

केयूरने चष्मा काढला, पण पुसायला काही स्वच्छ उरलं नव्हतं. तो तसाच हातात धरून बोलला.

“पुण्याला गेलो, तर तू इथे माझ्यावर रागावणार. आणि मला ते ऐकू येणार नाही. मी तिथे तुला काहीतरी उत्तर देणार, तेही तुला ऐकू येणार नाही. तुझे पपा रोज तसंच भांडतात, आणि त्यांना दुसरा इलाज नाही. आपण तर... आपण दोघंही आहोत अजून, रॉविना. मला तू समोर बसून रागवायला हवी आहेस. रोज. म्हातारी होईपर्यंत.”

रॉविनाने तोंड कुंपणाकडे फिरवलं.

“माका तू आवडतंस,” ती कुंपणाला म्हणाली. “म्हणानच इतको राग इलो. दुसऱ्या कोणी केलं असतं, तर मी एक शिवी देऊन विसरले असते.”

“हे माझ्याकडे बघून बोलशील?”

“नाही.”

तो खालच्या पायरीवर बसला. ती सरकली नाही.

“घरी काय सांगशील?” तिने विचारलं.

“आई विचारेल, मुलगी कुठली, काय.”

“ख्रिस्तांव आहे म्हणून सांग. आणि तोंडाची फटकळ.”

“तोंडाचं आधी सांगतो. म्हणजे बाकीचं तिला सोपं जाईल.”

आता तिला हसू आलं, आणि ते लपवायला उशीर झाला. तिने पदराने त्याच्या गालावरचं तेल पुसलं. जोरात पुसलं, पोराचं तोंड पुसतात तसं.

“इतके दिवस मीच बोलतेय,” ती म्हणाली. “तू कधी माझ्यावर रागावलाच नाहीस. हे नाही चालणार. काहीतरी असेल ना मनात. बोल.”

“मला लवकर राग येत नाही.”

“बोल म्हणते ना.”

त्याने विचार केला. “तुमच्याकडे चहात साखर फार असते.”

“काय?”

“फार म्हणजे... पाकच असतो तो.”

“आणि तू रोज दोन-दोन कप पीत होतास. मुकाट्याने.”

“हो.”

“आणि आज सांगतोस? मी तुझ्यासाठी वेगळा टाकत होते तो. पुण्याची माणसं गोड पितात असं वाटून. दुकानातून साखर कोण आणत होतं? मी. उन्हातून. आणि तू – तू तोंड वाकडं न करता प्यायलास, म्हणजे खोटंच बोलत होतास ना रोज?”

“खोटं कसं? मी काही बोललोच नाही.”

“तेच म्हणतेय मी.”

तिचा आवाज चढत गेला. त्याचाही थोडा चढला, पहिल्यांदाच, आणि ते ऐकून ती आणखी पुढे सरसावली. बागेत पंप धडधडून लागला आणि साल्वादोर काही तरी सांगायला माडाकडे वळले. तेवढ्यात पडवीतला आवाज त्यांच्या कानावर आला. त्यांनी हात वर केला.

“गप वाईच, सेवरीना,” ते म्हणाले. “ऐक.”